लोंड्याच्या आत नारळ संपला पाहिजे

“कितना हुआ, आंटी?” समोरच्या बर्थवरच्या मुलाने विचारलं. मी केळीच्या पानाच्या तुकड्यावर दोन दशम्या आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी ठेवून त्याच्यापुढे धरली होती आणि तो खिशात सुटे पैसे चाचपत होता. त्यात चेष्टा नव्हती की आगाऊपणा नव्हता. गाडीत जो कोणी तुमच्यापुढे खायचं धरतो तो पैसे घेतो, एवढा सरळ त्याचा हिशेब. माझा हात तसाच राहिला. शेवटी सासूबाईच खिडकीजवळून त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, “पैसा-बिसा कुछ नहीं, तू खा रे बाबा.” त्याने घेतलं, खाली मान घालून खाल्लं, पान नीट दुमडलं आणि बेसिनकडे हात धुवायला गेला. प्रसंग एवढाच. पण मे महिन्यापासून ते दोन शब्द माझ्या मागेच लागले आहेत. कणीक मळताना आठवतात, फोंड्याच्या बाजारात शेंगदाणे मोजून घेताना आठवतात.

आम्ही काशीला निघालो होतो. सासूबाईंची बऱ्याच वर्षांची इच्छा, मुलांच्या सुट्ट्या आणि मिळालेलं आरक्षण हे सगळं जुळून आलं ते सुट्टीतल्या एका स्पेशल गाडीवर. मडगावला बसायचं, कुळे-लोंड्यावरून घाट चढायचा, बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूर करत दोन रात्री काढून मुगलसरायला उतरायचं. त्या स्टेशनाचं नाव २०१८ साली बदललं, पण आमच्या घरात अजून मुगलसरायच म्हणतात. तिकीट हातात आल्यावर नवऱ्याने चौकशी केली तेव्हा कळलं की गाडीला पॅन्ट्री नाही. स्पेशल गाड्यांचं बहुतेक असंच असतं. शिवाय त्या रोजच्या गाड्यांना वाट देत देत चालतात, त्यामुळे जेवणाच्या वेळेला कुठलं स्टेशन येईल हे वेळापत्रकावरून ठरवता येत नाही. आम्हा गोवेकरांना तर मांडवी एक्स्प्रेसची सवय. मडगाव सोडलं की खायला काही ना काही येतच राहतं, पोट भरलेलं असलं तरी वासाने हात पुढे होतो. त्या सवयीच्या माणसाला पॅन्ट्री नसलेल्या गाडीत दोन दिवस म्हटलं की धास्तीच वाटते. माझ्या भाचीने मात्र हातातला मोबाइल उचलून दाखवला. “मामी, सीटवर येतं सगळं. कशाला डबे वाहायचे?”

सासूबाईंनी काही वाद घातला नाही. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला घेतलं. मी वाकून पाहिलं तर त्यात पदार्थांची नावं नंतर होती, आधी तास होते. चार तास, दहा तास, एक दिवस, दोन दिवस. कुठला पदार्थ किती तास टिकतो आणि त्या तासाला गाडी साधारण कुठे असेल, अशी त्यांची मांडणी. पहिल्या ओळीपुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘लोंड्याच्या आत नारळ संपला पाहिजे.’ मला त्या वाक्याचं फार कौतुक वाटलं. आपल्या स्वयंपाकाची सगळी अडचण त्यात आली आहे. गोव्याच्या घरात ओलं खोबरं पडत नाही असा पदार्थ शोधावा लागतो. भाजीत खोबरं, उसळीत खोबरं, आमटीत वाटण, चटणी तर खोबऱ्याचीच. आणि ओल्या खोबऱ्याला मे महिन्यात सकाळी हात लावला तर दुपारपर्यंत त्याचा वास फिरतो. म्हणजे जे आपण रोज प्रेमाने खातो त्यातलं जवळजवळ काहीच प्रवासाला येत नाही. घाटावरच्या माणसाची शिदोरी त्याच्या रोजच्या जेवणातूनच निघते. त्याला भाकरी, ठेचा, कांदा उचलला की झालं. आपल्याला ती मुद्दाम वेगळी बसवावी लागते.

त्यांच्या पेन्सिलीच्या ओळी वाचताना मला कॉलेजातलं शास्त्र आठवत होतं. पाच ते साठ अंश सेल्सिअस ह्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, आणि उन्हाळ्यातला स्लीपर डबा दिवसभर बरोबर त्याच पट्ट्याच्या मध्यावर असतो. भात सगळ्यांत फसवा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवताना मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांच्यापैकी काहींचं विष नंतर भात पुन्हा उकळला तरी जात नाही. सासूबाईंना त्या जंतूचं नाव माहीत असायचं कारण नाही, पण ‘चित्रान्न, पुलाव काही नको, डब्यात भात घामेजतो’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एकच भात त्यांनी मंजूर केला. पहाटे मऊ शिजवायचा, परातीत पसरून पूर्ण गार करायचा, त्यात उकळून गार केलेलं दूध आणि चमचाभर दही घालायचं, आलं किसायचं, आणि डबा भरायचा. दुपारी उघडला तर तो दूधभात, संध्याकाळी उघडला तर दहीभात. विरजण स्वतःच्या गतीने डब्यात लागत राहतं आणि आंबटपणा वाढत जातो तसा बाकीच्या जंतूंचा जम बसत नाही. पण त्याच रात्री संपवायचा. दुसऱ्या दिवसासाठी शिल्लक ठेवायचा नाही, कितीही उरला तरी.

दुसऱ्या दिवसाची मदार दशम्यांवर. पाण्याचा थेंब नाही, कणीक सगळी दुधात भिजवायची, तेलाचं मोहन, किंचित मीठ, गूळ घातला तर गोड दशमी. पोळीपेक्षा जाडसर लाटायची, तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायची, आणि मग जी गोष्ट घाईत राहून जाते ती करायची: एकेक सुटी, कपड्यावर पसरून गार करायची. गरम असताना डब्यात रचल्या तर वाफ वरच्या झाकणाला धरते, तिचं पाणी होऊन खालच्या दशमीवर पडतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे बुरशीचा ठिपका दिसतो. जुन्या बायका दशम्या दुधात भिजवत त्याला सोवळ्याचंही कारण होतं. पाण्यात शिजलेलं अन्न बाहेर चालत नसे. दुधात भिजवलेलं, तुपात तळलेलं, कोरडं भाजलेलं चालत असे. सोवळ्याने माणसामाणसांत काय काय केलं ते मी बघितलंय, त्याचं गुणगान मला करायचं नाही. पण त्या नियमांच्या आडून टिकाऊ खाण्याचं एक फार नेमकं ज्ञान स्वयंपाकघरात उतरलं. पाणी काढा, नाहीतर मीठ, आंबट, तेल, गूळ यांतलं काहीतरी भरपूर घाला. मिस्कूट, आमचं कैरीचं लोणचं, त्याच न्यायाने वर्षभर टिकतं, कोकमाची सोलं आणि आगळ, जत्रेतलं गुळाचं खाजं त्याच न्यायाने टिकतात.

पहाटे चारला आमच्या स्वयंपाकघरात दिवा होता. केळीची पानं गॅसच्या ज्योतीवरून फिरवून मऊ केली. हिरवा रंग एकदम गडद होतो, पानाला तकाकी येते, आणि एक कोवळा, ओलसर, धुरकट वास सुटतो. तो वास आला की मला प्रवासाला निघाल्यासारखं वाटतं, मग तो प्रवास नसला तरी. लहानपणी आम्ही पुण्याला मावशीकडे जायचो ते मीटरगेजच्या गाडीने. कोकण रेल्वे तेव्हा कुठली, ती सगळी सुरू झाली १९९८च्या २६ जानेवारीला. आम्हाला मिरजेला उतरून गाडी बदलावी लागे. वळकटी बाबांच्या खांद्यावर, फिरकीचा तांब्या माझ्याकडे, आणि डब्यांची पिशवी आईकडे. ती पिशवी आई कधीच हमालाला द्यायची नाही. ट्रंक द्यायची, वळकटी द्यायची, पण जेवणाची पिशवी नाही. मिरजेच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत आम्ही त्या पिशवीभोवती गोल बसायचो. तांब्याच्या झाकणात पाणी ओतून आळीपाळीने प्यायचं, त्या पाण्याला तांब्याची किंचित तुरट चव असायची. शेजारी बसलेल्या कुटुंबाचा डबाही उघडलेला असायचा आणि दोन्हीकडचे पदार्थ इकडून तिकडे जायचे. कोणी कोणाला विचारत नसे. मला वाटायचं, प्रवासात असंच जेवतात.

पोदेर, म्हणजे आमचा दारोदार फिरणारा पाववाला, भोंपू वाजवत आला तोपर्यंत आमच्या बॅगा दारात होत्या. त्याच्याकडून ताजे उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, थोडी काकणंही घेतली. काकणं म्हणजे बांगडीच्या आकाराचे कडक पाव, चार दिवस काही होत नाही, चहात बुडवून खायला फार चांगली. कुळ्याला गाडी थांबते, कारण तिथे मागून इंजिनं जोडतात. पुढचा ब्रागांझा घाट असा आहे की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर चढावं लागतं, एकट्या इंजिनाचं ते काम नाही. पोर्तुगीज काळात, १८८८ साली, हा घाटमार्ग पुरा झाला, आणि चढ अजून तोच आहे. त्या थांब्यात आम्ही पहिला डबा उघडला. अळसांद्यांचं, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचं, तोणाक, दाट, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं, आणि उंडा मोडून त्यात बुडवायचा. उंड्याचा वरचा पापुद्रा कुरकुरला की आतला गर सगळं तोणाक पिऊन घेतो. मागून इंजिनं लागल्याचा धक्का बसला, डबा कलंडता कलंडता राहिला. सोनावळी, दूधसागर ही स्टेशनं मागे पडली, धबधब्याला मे महिन्यात नावापुरतंच पाणी होतं, तरी डब्यातली सगळी माणसं त्या बाजूच्या खिडक्यांना चिकटली. कॅसलरॉक आलं तेव्हा दुसरा डबा, कोवळ्या फणसाची खोबरं घातलेली सुकी भाजी आणि पोळ्या. लोंड्याचा फलाट दिसला तेव्हा सासूबाईंनी पिशवीत हात घालून खात्री केली, आणि समाधानाने टेकून बसल्या. नारळ संपला होता.

बेळगावला नवऱ्याने खाली उतरून कुंदा आणला. घरून सगळं नेलं तरी फलाटावरचं काही खाऊच नये अशा मताची मी नाही. बेळगावचा कुंदा, साताऱ्याचे कंदी पेढे, भुसावळची केळी, ह्या गोष्टी त्या त्या गावच्या फलाटावरच घ्यायच्या. दूध आटून आटून कोरडं झालेलं आणि साखर भरपूर, किंवा निसर्गाने स्वतःच सालीत बांधून दिलेलं, असं काही असेल तर बिनधास्त घ्यावं. चिरलेली फळं, उघडी चटणी, वेळ न सांगता येणारा भात घेऊ नये. प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्याकडे उकळतं पाणी मागितलं तर तो देतो, फार तर पाच-दहा रुपये घेतो. मी रवा कोरडाच भाजून, त्यात फोडणी, कढीपत्ता, मीठ घालून सांज्याचं पीठ बरोबर नेलं होतं. भांड्यात ते पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवलं की गरम सांजा तयार. दीड दिवस गार खाल्ल्यावर त्या वाफेचं मोल कळतं. डब्यातल्या सॉकेटला किटली लावायला मनाई आहे, ती जागा मोबाइल चार्जिंगपुरती आहे, आणि ही मनाई मला अगदी पटते. २०२३च्या ऑगस्टमध्ये मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली आणि नऊ माणसं गेली. लपवून नेलेला गॅसचा सिलिंडर होता त्यात. तीही आमच्यासारखीच तीर्थयात्रेला निघालेली माणसं, घरचं गरम खायला मिळावं एवढीच त्यांची इच्छा असणार. ती बातमी वाचल्यापासून ‘गाडीत स्टोव्ह पेटवून काय मस्त पिठलं करायचो’ अशा जुन्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पहिल्या रात्री साताऱ्याच्या आसपास दहीभात काढला. बरोबर लागला होता, ना गोड ना आंबट. तोंडी लावायला चेपणीतली तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळच्या पुढे उन्हाने डबा तापला. खिडकीची लोखंडी चौकट हाताला पोळत होती. आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून मानकुराद आंबे नेले होते, त्या उष्णतेने ते सगळे एकदमच पिकले आणि त्यांचा घमघमाट बाजूच्या कप्प्यापर्यंत गेला. भाचीने आदल्या रात्रीच इटारसीला दुपारचं जेवण मागवून ठेवलं होतं. ही सोय वाईट नाही. पीएनआर टाकला की पुढच्या स्टेशनांवर काय मिळतं ते दिसतं, पैसे भरले की माणूस सीटपाशी आणून देतो, १३२३ नंबरवर फोन करूनही मागवता येतं. एकट्याने जाणाऱ्याला, घरी डबे करणारं कोणी नसलेल्याला, मधुमेह असलेल्या माणसाला तर ती मोठीच मदत आहे. पण आमची स्पेशल गाडी कधी कुठल्या सिग्नलला थांबेल त्याचा भरवसा नव्हता. दुपारचं इटारसी रात्रीवर गेलं. दुपारीच मोबाइलवर निरोप आला की ऑर्डर रद्द झाली आहे, पैसे परत मिळतील. ते मिळालेही. भाची हिरमुसली. सासूबाई तिला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त पिशवीतून दशम्यांचा डबा काढला.

तो मुलगा आदल्या दिवसापासून समोर होता. विशी-बाविशीचा, कानात इअरफोन, पायांत चांगले बूट. सकाळपासून त्याने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तोही पुढच्या स्टेशनावर काही मिळेल म्हणून थांबला असणार, आणि ते पुढचं स्टेशन येत नव्हतं. म्हणून मी पान पुढे केलं आणि त्याने ते विचारलं. हात धुऊन आल्यावर तो बोलायला लागला. घर दरभंग्याकडचं. उत्तर गोव्यात किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये तंदूरवर होता. पावसाळ्यात धंदा बंद, म्हणून घरी निघालेला, बहिणीचं लग्न होतं. दशमीचा दुसरा तुकडा त्याने बोटांत दाबून बघितला, वास घेतला, आणि विचारलं की हे काल केलेलं असून इतकं मऊ कसं. कणकेत दूध आहे म्हटल्यावर त्याने मान डोलवली, कारागिराने कारागिराला विचारावं तसं किती दूध, किती तेल, हे विचारून घेतलं. आणि मग अगदी सहज, काही मनात न ठेवता म्हणाला, “गोवा में इतने दिन से हूँ, किसी के घर का खाना आज पहली बार खाया.”

सासूबाईंना ते ऐकू गेलं नाही, गाडीचा आवाज होता. मला गेलं.

मी गोव्याची आहे. आमच्याकडे आलेल्या माणसाला पाणी आणि गूळ तरी दिल्याशिवाय पाठवत नाहीत असं मी मोठ्या अभिमानाने सांगत आले आहे. हा मुलगा आमच्या गावात येऊन आमच्याच पाहुण्यांना रांधून वाढत होता. ताटलीत जाणारा प्रत्येक नान त्याच्या हातून जात होता आणि त्याच्या मागे बिलाचा कागद जात होता. मालक त्याला दोन वेळचं जेवण देतच असणार, उपाशी तो नव्हता. पण कोणी म्हटलं नव्हतं, चल, आज घरी जेवायला ये. अशी किती मुलं आमच्या बाजारपेठेत, बांधकामांवर, होड्यांवर आहेत. आमच्या इमारतीच्या खालच्या बेकरीत आहेत, त्यांचे चेहरे मला ओळखीचे आहेत. ते जेवतात कुठे, काय, याचा विचार माझ्या मनात त्या दिवसापर्यंत आला नव्हता. त्याच्या त्या प्रश्नात मला दुखलं ते हे. गाडीतल्या सवयीने त्याने किंमत विचारली असं मला आधी वाटलं होतं. ती सवय गाडीतली नव्हती, आमच्याकडे राहून लागलेली होती.

तरी त्याचा प्रश्न मला पूर्ण चुकीचाही वाटत नाही. स्टेशनाच्या भोंग्यातून सारखं सांगतात, अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ नका. ते उगाच सांगत नाहीत. चहा-बिस्किटांतून गुंगीचं औषध देऊन लुटल्याच्या बातम्या येतातच, उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत तर फार. माझी मुलगी एकटी प्रवासाला निघते तेव्हा मीही तिला हेच बजावते. कोणी मायाळू बाई डबा पुढे करील, तरी नाही म्हण. आणि तीच मी दुसऱ्याच्या मुलापुढे पान धरून त्याने ते घ्यावं अशी अपेक्षा करत होते. मिरजेच्या फलाटावर डबे इकडून तिकडे जायचे ते आता जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पण मुलीला द्यायचा सल्ला मी बदलणार नाही. पैसे देऊन घेतलेल्या खाण्याला निदान एक चोख व्यवहार असतो, कोणी कोणाचं देणं लागत नाही, आणि परक्या मुलखात एकट्या राहणाऱ्याला त्या चोखपणाचा आधारही वाटत असेल. ह्या दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

संध्याकाळी त्याने स्वतःची पिशवी काढली. आत सत्तूचं पाकीट, दोन कांदे, हिरव्या मिरच्या, लिंबू, औषधाच्या बाटलीत मोहरीचं तेल. आमच्याकडची स्टीलची ताटली मागून घेतली, त्यात सत्तू ओतला, कांदा-मिरची इतकी बारीक आणि भराभर चिरली की भाची बघतच राहिली. धावत्या गाडीत, मांडीवर ताटली ठेवून, छोट्याशा सुरीने. वर ओवा, मीठ, लिंबू, तेलाची धार आणि पाण्याचा शिपका. मळून गोळे केले आणि पहिला गोळा सासूबाईंपुढे धरला. त्या बाहेरचं खात नाहीत, काशीला जाताना तर मुळीच नाही. त्यांनी मला विचारलं, “हे शिजवलेलं की भाजलेलं गो?” हरभरे भाजून दळलेले, आपल्या डाळ्याच्या पिठासारखं, असं सांगितल्यावर त्यांनी हात पुढे केला. मोहरीच्या तेलाची झणझण नाकात जाऊन त्यांचे डोळे पाणावले, पण गोळा त्यांनी संपवला. मला त्यात फार मोठी गोष्ट दिसली. दरभंग्याच्या आईनेही तोच विचार केला होता जो फोंड्यात आमच्याकडे झाला. पाणी आधी घालायचं नाही, खायच्या वेळी घालायचं. फक्त तिच्याकडे हरभरा होता आणि आमच्याकडे गहू.

सत्तूचं एक पाकीट आता माझ्या फडताळात असतं. परप्रांतीय मजुरांसाठी माल ठेवणाऱ्या एका दुकानात फोंड्यातच मिळालं. आधी त्या दुकानाची पायरी मी चढले नव्हते.

घरी आल्यावर ते कॅलेंडरचं पान मी जपून ठेवलं. पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली जी निघायच्या गडबडीत दिसली नव्हती. आम्ही चौघं होतो आणि दशम्यांचा आकडा चौघांचा नव्हता, दुप्पट होता. मला वाटलं होतं, गाडी उशिरा पोचेल म्हणून जास्तीचं धरलं असेल. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “एका कप्प्यात माणसं किती?” स्लीपरच्या एका कप्प्यात समोरासमोर सहा आणि बाजूला दोन, अशा आठ जागा. त्यांनी डबा जागांवरून मोजला होता, तिकिटांवरून नव्हे. त्यांच्या सासूबाई म्हणे बैलगाडीतून जत्रेला जाताना असंच करायच्या, वाटेत कोण भेटेल ते ठाऊक नसायचं. मोबाइलवर मागवलेल्या ताटाला हे जमत नाही. ते पीएनआर आणि सीट नंबर बघून येतं, त्यात एकाचं जेवण बरोबर एका माणसापुरतं असतं, अर्धं कोणाला दिलं तर आपलं अर्धं कमी होतं. त्यात दोष काढावा असं काही नाही, ते तसंच असणार. पण आठ जणांचं धरून केलेल्या डब्यात आपला घास कमी न करता देता येतं, आणि घेणाऱ्याला ते दिसतं. कमी पडेल की काय अशी भीती देणाऱ्याच्या डोळ्यांत नसली, तर घेणं जरा सोपं होतं.

नोव्हेंबरात नात्यातल्या लग्नाला जबलपूरला जायचं आहे. मिळेल ती गाडी, पॅन्ट्री असो वा नसो. थंडीचे दिवस, त्यामुळे नारळाची हद्द लोंड्यावरून थेट मिरजेपर्यंत वाढवायला सासूबाई तयार आहेत. खतखतं, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातली मिश्र भाजी, न्यायचा नवऱ्याचा हट्ट मात्र त्यांनी उडवून लावला. दशम्या मी करणार आहे, लाटायला भाची येणार आहे. सत्तू घ्यायचा आहे, आगळाची बाटली घ्यायची आहे, मोहरीचं तेल थोडंच. नवरा म्हणतो, पाच माणसांना इतकं ओझं कशाला. मी कणीक दहा जणांची धरली आहे. त्याआधी, तुळशीच्या लग्नाला, खालच्या बेकरीतल्या तिन्ही मुलांना घरी जेवायला बोलवायचं ठरवलं आहे. कामावरून सुटायची त्यांची वेळ विचारून घेतली, रात्री साडेनऊ. तेव्हा जेवण साडेनऊला.